खाली माझं नाव आहे

२ ऑक्टोबर २००७
डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, रक्तदाब वाढलाय. चिडत जाऊ नका." मी म्हटलं, चिडण्यासारखं काही घडू देऊ नका, मग नाही चिडणार. ते हसले. म्हणाले, चिडल्याशिवाय राहवतच नसेल तर वहीत चिडा. म्हणून ही वही. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, आता स्वतःची भरायची पाळी आली.

आजचा राग शेजाऱ्यावर. महिन्यापूर्वी माझी छत्री नेली आणि आज म्हणतो, ही माझीच आहे. मी मूठ त्याच्या डोळ्यांपुढे धरली. मुठीवर कोरलंय, कि. ग. इंगोले, कुरुंदा. मग छत्री सोडली. आमच्या घरातल्या तांब्यापासून बॅटरीपर्यंत प्रत्येक वस्तू वसमतच्या भांड्याच्या दुकानातल्या नाव घालायच्या यंत्राखालून गेलेली आहे. लोक हसतात. हसू देत. नाव असलं की वाद मिटतो.

५ ऑक्टोबर
पुण्याहून सूनबाईंचा, पुनमचा फोन होता. आमचे चिरंजीव विजयकुमार माझ्याशी फोनवर बोलत नाहीत. आईशी बोलतात, तेही मी बाहेर गेलेलो असताना. यंदाही दिवाळीला यायचे नाहीत म्हणे. कारण, सुट्टी नाही. ही तिसरी दिवाळी. तीन वर्षं सुट्टी न देणारी कंपनी कोणती ते एकदा मला बघायचं आहे.

बोलता बोलता पुनम हिला, म्हणजे आमच्या द्वारकाबाईंना, सांगून गेली की विजय दर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगांत फिरतो आणि टीव्हीला जोडायचे जुने व्हिडिओ गेम विकत आणतो. कपाटात अकरा झालेत. खेळत एकही नाही. आणतो, उलटा करून बघतो आणि ठेवून देतो. पोरगी बिचारी घाबरून गेली आहे.

सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर, लग्न झालेला, आणि पोरांची खेळणी गोळा करतो. मी हे मोठ्याने बोललो. ही मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याचं जे व्हतं ते तुमी बोहारणीला देऊन टाकलं. मंग तो हुडकून राहिला."

मी जेवलो नाही. तिने दोनदा विचारलंही नाही.

६ ऑक्टोबर
आता खरं काय ते लिहून ठेवतो.

१९९३ साली मी विजयला हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनातून तो व्हिडिओ गेम आणून दिला. तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा नव्हता, आपण परभणी जिल्ह्यात होतो. सातवीच्या शिष्यवृत्तीला पोरगं जिल्ह्यात सातवं आलं होतं. करडं यंत्र, दोन दांडके आणि पिवळी कॅसेट. कुरुंद्यात असली वस्तू पहिली आमच्याच घरी आली. १९९५ साली दहावीच्या सहामाहीत त्याला गणितात एकतीस मार्क पडले. हेडमास्तरच्या पोराला एकतीस. दिवसरात्र त्या यंत्राला चिकटून असायचा, दुसरं काय होणार? दुसऱ्या दिवशी मी मधल्या सुट्टीत जेवायला घरी आलो, तर सखुबाई बोहारीण दारात आली होती. जुन्या साड्या आणि माझ्या दोन पँटी मांडून झाल्या होत्या, पण एवढ्या कपड्यांवर झाकणाचा मोठा डबा द्यायला ती तयार नव्हती. मी आतून ते खोकं आणलं आणि कपड्यांवर ठेवलं. व्यवहार पुरा झाला. विजय शाळेतून आला, तेव्हा सखुबाई गावाबाहेर पोचली असेल.

यात माझं काय चुकलं? वस्तू मी आणली होती. खाली माझं नाव होतं. माझी वस्तू मी दिली. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत विषय निघाला तेव्हाही मी हेच म्हटलं, आणि तेव्हापासून पोरगं घरी फिरकलेलं नाही.

बरं, त्या डब्याचं तरी काही करावं? दहा किलो डाळ मावेल असा चांगला जाड डबा. बारा वर्षं माळ्यावर रिकामा पडला आहे. डाळ प्लास्टिकच्या बरणीत आणि डबा माळ्यावर. कारण विचारलं तर म्हणते, "ऱ्हाऊ द्या तिथंच." बायकांच्या कारभाराला काही अर्थ असतो असं मला वाटत नाही.

७ ऑक्टोबर
ठरवलं. तेच यंत्र शोधून काढायचं आणि विजयच्या पुढ्यात ठेवायचं. घे तुझं खेळणं, आता सांग न येण्याचं दुसरं कारण. दिवाळीला महिना आहे. हिला सांगितलं नाही. सांगितलं की काहीतरी बोलेल.

९ ऑक्टोबर
वसमतला शंकरसिंगाच्या भंगार गोदामात गेलो. हा गृहस्थ तालुक्याचं निम्मं भंगार बाळगून आहे. मेलेले टीव्ही, टेपरेकॉर्डर, पंख्यांची पाती, सगळं एकमेकांत अडकलेलं. अशा ठिकाणी माणूस वस्तू ठेवतो की पुरतो? मी म्हटलं, जुने व्हिडिओ गेम असतील तर दाखवा, बारा वर्षांपूर्वीची माझी वस्तू आहे. तो चहा पीत होता.

"गुरुजी, बारा साल में आदमी नहीं मिलता. बसा तुमी."

पण उठला, ढिगात शिरला आणि आतून एकेक वर काढून दाखवायला लागला. पाच निघाले. मी दारात उभा राहून ओरडलो, उलटे करून बघा, खाली माझं नाव आहे, कि. ग. इंगोले. चार कोरे होते. पाचवा हातात धरून म्हणाला, "यावर लिवलंय कायतरी. पर इंगोले-बिंगोले न्हाई. दुसरंच हाय."

"मग ते दुसऱ्याचं आहे," मी म्हटलं.

"बघून तर घ्या."

"दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची मला सवय नाही."

तो हसला आणि पाचवा परत ढिगावर टाकला. मला अपमान वाटला. त्यात परतीची गाडी दीड तास आली नाही. स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारलं तर म्हणाला, येईल. कधी, तर येईल तेव्हा. एसटी महामंडळाला पत्र लिहिणार आहे.

१२ ऑक्टोबर
हिंगोली. चार दुकानं पालथी घातली. एका पोराने नवा चिनी गेम पुढे केला आणि म्हणाला, "काका, इसमें तीन लाख गेम है." मी म्हटलं, माझ्या मुलाला एकच पाहिजे. तो म्हणाला, फिर यही लो, तीन लाख में वो एक भी होगा. दुसऱ्या दुकानातल्या बाईने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि पाणी दिलं. पाणी प्यालो, पण दया आवडली नाही.

येताना औंढ्याला उतरून एक मेकॅनिकही बघितला. त्याच्याकडे फक्त मोबाइल. साऱ्या जगाने जुनं फेकून दिलं आहे आणि त्याचा जाब मात्र मला विचारतात.

१६ ऑक्टोबर
आधीच सुचायला हवं होतं. सखुबाईलाच विचारायचं. मूळची पुसेगावच्या बाजूची बाई, पण पंधरा वर्षांपासून वसमतला लेकाजवळ राहते असं कळलं. घर शोधून काढलं. बाई आता वाकली आहे. फिरती बंद झाली. दारात उन्हाला बसली होती. मला तिने आवाजावरून ओळखलं.

"हेडमास्तर न्हव का? कुरुंद्याचे. डबा गळतोय काय?"

मी म्हटलं, डबा ठीक आहे. त्या खोक्याचं काय झालं?

"ते व्हय. नातवंडांला दिलं खेळाया. कदी चाललंच न्हाई बघा ते. मेलेलंच व्हतं. पोरं नुसतीच बटनं दाबायची. पडून ऱ्हायलं घरात. औंदा उन्हाळ्यात पत्रे बदलले तव्हा शंकरसिंगाच्या गाड्यावर टाकलं."

म्हणजे बारा वर्षं ते माझ्यापासून अर्ध्या तासावर होतं. आणि मेलेलं काय म्हणून? माझ्या घरी चांगलं चालत होतं. हिच्या नातवंडांनी मोडलं असणार आणि नाव मात्र दुसऱ्याचं.

मी निघालो तर म्हणाली, "तुमच्या मालकिणीची तब्येत बरी हाय का? त्या दिवशी डबा घेईचनात. म्या हात फुडं केला तं त्यांनी पदरात हात गुंडाळले. मंग म्या उंबऱ्यावर ठिवला अन् निघाले."

मला असलं काही आठवत नाही. पण म्हातारी माणसं काहीही जोडून सांगतात.

२१ ऑक्टोबर, दसरा
सकाळीच शंकरसिंगाकडे गेलो. तराजूला झेंडूची माळ घातलेली होती, वजनमापांना हळदकुंकू. म्हणाला, आज तराजू चालणार नाही. मी म्हटलं, मला तोलून नको, सखुबाईच्या घरून आलेलं यंत्र हवंय. त्याने थोडा विचार केला.

"वो तो वही था, गुरुजी. ज्याच्यावर लिवलं व्हतं. तुमी हातच लावला न्हाई."

"त्यावर माझं नाव नव्हतं, तुम्हीच म्हणालात."

"नाव नव्हतंच. मी झूठ काहून बोलू? तो टीवीवाला बुद्धभूषण ले गया, पिछले हफ्ते. पुर्जों के वास्ते."

पुर्जों के वास्ते. म्हणजे खोलून टाकलं असेल. वसमतच्या भर रस्त्यात सणाच्या दिवशी मला एका दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. पान खाणाऱ्याने विचारलं, चक्कर येऊन राहिली का? मी म्हटलं, राग येऊन राहिला. कुणाचा, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

बुद्धभूषणच्या दुकानाला कुलूप. शेजारचा शिंपी म्हणाला, धम्मचक्र प्रवर्तनदिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर गेलाय, बुधवारी येईल. याला मी काही बोलू शकत नाही, त्यामुळे तकलीफ जास्तच झाली. तीन दिवस थांबायचं.

घरी आलो तर हिने सोनं पुढे केलं. आपट्याची दोन पानं. तिसरं बाजूला काढून पाकिटात घातलं, पुण्याला पाठवायला. दर वर्षी पाठवते. मी म्हटलं, पोचेपर्यंत वाळून चुरा होतं. म्हणाली, "व्हय. तरी."

२४ ऑक्टोबर
आज सावकाश लिहितो.

बुद्धभूषण माझा विद्यार्थी. विजयच्याच वर्गातला. भिवाजी कांबळे पोस्टात होते, त्यांचा मुलगा. आता वसमतला टीव्ही दुरुस्तीचं त्याचं स्वतःचं दुकान आहे, आणि चांगलं आहे. मला बघून उठला, खुर्ची पुसली. मी खुर्चीवर बसायच्या आधीच सुरू केलं. म्हटलं, शंकरसिंगाकडून तू जे नेलंस ते खोललंस का? कोणाला न विचारता कसं खोललंस? ते माझं असण्याची शक्यता आहे. त्याने ऐकून घेतलं. मग मागच्या फळीवरून ते यंत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. करडं. डाव्या कोपऱ्याला टवका. तो टवका मी ओळखला.

मी ते उलटं केलं. चष्मा नीट बसवला.

यंत्राने कोरलेली, जरा हललेली अक्षरं होती. चि. विजयकुमार. बक्षीस. दसरा १९९३.

बस्स, एवढंच. माझं नाव कुठेच नाही. मी पुन्हा पाहिलं. कडेलाही पाहिलं.

मग आठवलं. भांड्याच्या दुकानात तो माणूस यंत्र हातात धरून म्हणाला होता, नाव सांगा. मी सवयीने कि. ग. म्हणायला सुरुवात केली होती. विजयने माझी बाही ओढली. "अण्णा, माझं घाला ना." तेरा वर्षांचं पोरगं. मी हसलो होतो आणि हा मजकूर मीच सांगितला होता, हेडमास्तर सांगतो तसा, स्वल्पविरामासकट. दुकानदाराने स्वल्पविराम घातले नाहीत म्हणून मी त्याच्यावर चिडलोही होतो. ते आठवतं, आणि हे मात्र मी विसरलो.

बुद्धभूषण म्हणाला, "सर, मी पुर्ज्यासाठीच आणलं होतं. उलटं केलं अन् हात थांबला. या यंत्रावरच तर मी सोल्डरिंगचा कैय्या धरायला शिकलो."

मी म्हटलं, म्हणजे?

"दहावीला हे बंद पडलेलं होतं ना. श्रावणापासूनच. तुमाला कळलं तर बोलणी बसतील म्हणून विजूनं सांगितलं नव्हतं. आमी दोघं शाळा सुटली की उघडून बसायचो. तो वायरी धरायचा, मी जोडायचो. एक जोड राहिला होता. मंग ते गेलं."

"तो खेळत नव्हता?"

"बंदच होतं, सर. खेळणार कशावर?"

सहामाही दिवाळीच्या आधी झाली होती. म्हणजे एकतीस मार्क कशाचे होते ते मला कधीच कळणार नाही. पस्तीस वर्षं वर्गात मी विचारत आलो, कारण सांग. घरात विचारलं नाही.

मला बुद्धभूषणवर चिडायचं होतं, की हे तू तेव्हाच येऊन का नाही सांगितलंस. पण पंधरा वर्षांचं ते पोर हेडमास्तरच्या दारात येऊन काय सांगणार होतं? विचारलं नाही.

तो म्हणाला, "तो जोड मी परवा नागपूरला जायच्या आधी पुरा केला. चालतं आता. कॅसेट माझ्याजवळच होती, त्या वेळी दप्तरात राहिली होती. तुमाला द्यायला यायचं धाडस झालं न्हाई कधी." आणि पिवळी कॅसेट माझ्या हातात ठेवली. विजयला फोन केलास का, मी विचारलं. नाही म्हणाला. "ते तुमीच करा, सर."

वसमतहून कुरुंद्यापर्यंत यंत्र मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने सामानाचं वेगळं तिकीट मागितलं. एरवी मी त्याला नियम वाचून दाखवले असते.

२५ ऑक्टोबर
हिला दाखवलं. तिने पदराने पुसलं, उलटं केलं, वाचलं. ती वाचत असताना मला तिथे उभं राहवेना म्हणून मी अंगणात गेलो.

मीच सांगितलं, सखुबाई भेटली होती, तुझी तब्येत विचारत होती. "काय म्हनली?" मी म्हटलं, काही नाही.

भारनियमन. दिवसभर लाइट नाही. वीज मंडळाला काय लिहायचं ते डोक्यात तयार होतं, पण कागद घेतला नाही.

२७ ऑक्टोबर
दुपारी चार वाजता लाइट आली. यंत्र टीव्हीला जोडलं. बुद्धभूषणने वायर कुठे लावायची ते चिठ्ठीवर काढून दिलं होतं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. तीनदा केलं. चौथ्यांदा मी यंत्रावर थाप मारणार होतो, तर ही म्हणाली, "मारू नका त्याला."

मग पुण्याला फोन लावला. शनिवार आहे, घरी असणार. पुनमने उचलला. मी म्हटलं, विजयला दे. ती अडखळली, "ते जरा कामात आहेत, मामंजी." आतून टीव्हीचा आवाज येत होता. एरवी मी फोन आपटला असता.

मी म्हटलं, "त्याला एवढंच सांग, ते सापडलंय. खाली त्याचं नाव आहे."

मग तिकडचा टीव्ही बंद झाला आणि विजय म्हणाला, "अण्णा."

तीन वर्षांनी तो आवाज ऐकला. काय बोलायचं ते मी सकाळी कागदावर लिहिलं होतं, मुद्द्यांसकट. कागद समोर होता आणि एकही मुद्दा वाचता येईना. मी म्हटलं, "ते तुझं होतं. मला द्यायचा हक्क नव्हता. आणि ते बंद होतं हे मला माहीत नव्हतं."

"तुमी विचारलं न्हाई, अण्णा."

"नाही विचारलं. चुकलं माझं."

ही दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मला वाटलं, विजयने फोन ठेवला. मग म्हणाला, "लावलं का टीव्हीला?"

"लावलंय. मुंग्या येतात."

"कॅसेट काढा. खालच्या फटीत फुंकर मारा. जोरात न्हाई, हळू."

मी फोन हिच्या हातात दिला आणि फुंकर मारली. साठी उलटलेला निवृत्त हेडमास्तर पिवळ्या कॅसेटमध्ये फुंकर मारतोय, हे गावात कोणी पाहिलं असतं तर. परत बसवली. पडदा निळा झाला आणि टुणटुण वाजायला लागलं. हिने फोन टीव्हीच्या तोंडाला धरला. फोनच्या जागी आपलाच कान असल्यासारखी ती टीव्हीकडे वाकून उभी होती.

फोन परत घेतला, तेव्हा विजय ऐकतच होता. "ऐकू येऊन राहिलं," म्हणाला. "आता बंद करा. तापतं ते. मी आल्यावर बघतो."

आल्यावर म्हणाला. मी तारीख विचारली नाही. हिने विचारली. धनत्रयोदशीच्या गाडीने येतात, दोघंही.

४ नोव्हेंबर
फराळाची घाई. सकाळी हिने मला माळ्यावर चढवलं आणि तो डबा खाली काढायला लावला. चिंचेने घासला, उन्हात वाळवला आणि त्यात विजयच्या चकल्या भरायला घेतल्या. मी म्हटलं, बारा वर्षांनी आजच कसा आठवला? तिने झाकण माझ्या हातात दिलं.

भरायच्या आधी मी तो उलटा करून पाहिला. झाकणही पाहिलं. घरातल्या चमच्यावरसुद्धा माझं नाव आहे. या डब्यावर कोणाचंच नाव नाही. तो नाव घालायला वसमतला न्यायला तिने मला कधी दिलाच नव्हता.

मी डबा सुलटा करून तिच्यापुढे ठेवला आणि तिला एकेक चकली देत बसलो.